फोटोचा फोटो नको, मूळ फाइल द्या

परतवाड्याच्या बसस्थानकावर सकाळी अमरावतीची गाडी लागली, की चढणाऱ्यांपैकी दोन-चार जणांच्या हातात हमखास एक मोठी, चपटी पिशवी दिसते. आत एक्स-रेची फिल्म, सोनोग्राफीचा कागद, रक्ताच्या तपासण्यांचे रिपोर्ट, जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या. अचलपूर, चांदूर बाजार, चिखलदरा, धारणी या भागांतला रुग्ण पुढच्या तपासणीसाठी अमरावती किंवा नागपूरला निघाला, की त्याचा आजार या पिशवीतून प्रवास करतो.

अलीकडे ही पिशवी हलकी होत चालली आहे. तिची जागा मोबाइलने घेतली आहे. पन्नासेक किलोमीटरचा प्रवास करून, केसपेपरच्या रांगेत उभे राहून रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो. डॉक्टर फिल्म मागतात आणि नातू खिशातून फोन काढतो. “फिलम तं घरीच राह्यली जी, पन फोटो हाये ना मोबाईलात.”

फोटो असतो खरा. खिडकीच्या काचेला फिल्म टेकवून काढलेला. त्यात मागच्या लिंबाच्या फांद्या दिसतात, ट्यूबलाइटचा पट्टा दिसतो, फोटो काढणाऱ्याचा अंगठाही दिसतो. तो आधी काकाला, काकाकडून गावातल्या डॉक्टरांना आणि तिथून पुन्हा नातवाला असा तीन वेळा व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला असतो. डॉक्टर तो बोटांनी मोठा करतात, फोन आडवा-उभा करतात आणि शेवटी म्हणतात, “परत काढावा लागेल.” परत म्हणजे पुन्हा पैसे, पुन्हा रांग, पुन्हा किरण आणि बहुधा पुन्हा एक मजुरी बुडालेला दिवस.

हा प्रश्न एखाद्या कुटुंबाच्या विसराळूपणाचा नाही. फोनवरून संगणकावर आणि संगणकावरून फोनवर फाइल कशी न्यावी, या साध्या गोष्टीची नीट घडी आरोग्यव्यवस्थेने अजून बसवलेली नाही. त्याची किंमत रुग्ण मोजतो आहे.

फोटोत काय हरवते?

आजचा डिजिटल एक्स-रे म्हणजे सुमारे दोन हजार बाय अडीच हजार ठिपक्यांची प्रतिमा. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला साधारणपणे ४,०९६ करड्या छटांपैकी एक छटा असते. अशी एक फाइल दहा एमबीच्या आसपास भरते. मोबाइलच्या साध्या फोटोत करड्या रंगाच्या २५६ छटाच मावतात. तो फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला, की ॲप त्याचा आकार आणखी घटवते आणि काही एमबींचा फोटो काहीशे केबींवर येतो. लग्नाच्या फोटोत हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये मात्र तो महागात पडू शकतो.

फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, तर एक्स-रेवर केसासारखी बारीक रेघ दिसते. सुरुवातीच्या क्षयरोगाची सावली फिकट असते आणि अनेकदा गळपट्टीच्या हाडाआड लपलेली असते. मनगटातल्या छोट्या हाडाची चीर तर मूळ प्रतिमेतही शोधावी लागते. फोटोच्या फोटोत पहिला बळी जातो तो नेमका अशाच बारीक खुणांचा.

दुसरा धोका डाव्या-उजव्याचा. फिल्म उलटी धरून फोटो काढला, की उजवे फुप्फुस डावे वाटते. फिल्मच्या कोपऱ्यात बाजू सांगणारे अक्षर असते, पण फोटो ‘नीटनेटका’ करताना नेमका तोच कोपरा कापला जातो आणि त्यासोबत रुग्णाचे नाव आणि तारीखही जाते. मग ही फिल्म याच रुग्णाची, याच महिन्यातली, हे कोण सांगणार?

सीटी स्कॅनची गोष्ट याहून वेगळी. त्यात शरीराचे शेकडो काप असतात. एक काप सहसा ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे अर्धा एमबी. तीनशे काप धरले तर दीडशे एमबी. फिल्मवर छापलेली चित्रे म्हणजे त्यातून निवडलेले थोडे नमुने. मूळ फाइल संगणकावर उघडली, तर तीच तपासणी हाडांसाठी वेगळ्या उजेडात, मेंदूसाठी वेगळ्या आणि फुप्फुसासाठी आणखी वेगळ्या उजेडात पाहता येते. फिल्मच्या फोटोत ही सोय उरत नाही. म्हणून न्यूरोसर्जन किंवा कर्करोगतज्ज्ञ मूळ फाइलचा आग्रह धरतात, आणि ती नसेल तर तपासणी पुन्हा सांगतात. छातीच्या एका सीटी स्कॅनमध्ये शरीरात जाणारे किरण छातीच्या साध्या एक्स-रेच्या पन्नासपटींहून अधिक असतात. केवळ फाइल हाताशी नव्हती म्हणून ते दुसऱ्यांदा घ्यावे लागणे कुणाच्याही हिताचे नाही.

या मूळ फाइलीला डायकॉम म्हणतात. १९९३ पासून हे नाव रूढ झाले आणि आज जगभरातली यंत्रे याच पद्धतीत प्रतिमा साठवतात. परतवाड्यात काढलेला स्कॅन नागपुरात किंवा मुंबईत दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर उघडतो, तो त्यामुळेच. अडचण फक्त तो तिथपर्यंत नेण्याची आहे. बरीच केंद्रे अजूनही सीडी देतात, पण नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. काही केंद्रे लिंक पाठवतात. ती काही दिवसांनी बंद पडते, किंवा मेसेज नेमका पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या नंबरवर गेलेला असतो.

बिनतारी देवाणघेवाण, तीही इंटरनेटशिवाय

१८९५ या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडे बिनतारी लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली. सव्वाशेहून अधिक वर्षांनी क्ष-किरणांनी घेतलेली प्रतिमा बिनतारी लहरींवरून नेण्याचे साधन प्रत्येक खिशात आले आहे. ते वापरायचे कसे, एवढेच शिकायचे राहिले आहे.

यातला सर्वांत मोठा गैरसमज असा, की फाइल पाठवायला नेट लागते. एकाच खोलीतल्या फोन आणि संगणकाला नेटची गरज नसते. ब्लूटूथ स्वतःच्या छोट्या लहरींवर चालते. ‘वाय-फाय डायरेक्ट’ पद्धतीत फोन आणि संगणक टॉवरला मध्ये न घेता थेट एकमेकांशी बोलतात. अँड्रॉइड फोनमध्ये हीच सोय आता ‘क्विक शेअर’ या नावाने येते आणि विंडोजच्या संगणकासाठीही ती मिळते. ॲपलच्या उपकरणांत तिचे नाव ‘एअरड्रॉप’. अशा सोयींमध्ये ब्लूटूथ दोन उपकरणांची ओळख करून देते आणि जड ओझे वाय-फाय वाहते. दीडशे एमबींचा स्कॅन नुसत्या ब्लूटूथने नेला, तर दहा-बारा मिनिटे लागू शकतात. चांगल्या वाय-फायवर तेच काम अर्ध्या-एक मिनिटात होते.

मेळघाटासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. धारणी तालुक्यातले हरिसाल हे गाव २०१६ च्या सुमारास राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या उपक्रमातून ‘डिजिटल व्हिलेज’ म्हणून देशभर गाजले. दूरचित्रवाणीच्या वापरात नसलेल्या लहरींवरून डोंगरात इंटरनेट आणायचे आणि टेलिमेडिसिनने आरोग्यसेवा जोडायची, असा तो बेत होता. त्याचे कौतुक झाले, पुढे त्यावर टीकाही झाली. त्या वादाच्या पलीकडे एक गोष्ट उरते. डोंगरात रेंज आज असते, उद्या नसते. पण फाइल फोनच्या पोटात साठवलेली असेल, तर रेंज गेली तरी ती फोनमध्येच राहते, घाट उतरून परतवाड्याला येते आणि तिथल्या संगणकावर नेटशिवाय उतरते. फोनने इथे पिशवीचे काम करायचे. डायकॉम फाइल फोनवर उघडली नाही तरी बिघडत नाही. ती न मोडता, न आक्रसता डॉक्टरांच्या संगणकापर्यंत पोहोचली की काम झाले.

दूरवर पाठवायचीच असेल, तर व्हॉट्सॲपमध्येही एक साधा मार्ग आहे. ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, की फाइल आहे तशी जाते. एवढी एक सवय लागली, तरी अर्धा प्रश्न सुटेल.

या लहरींनी शरीराला अपाय होतो का, असा प्रश्न ओपीडीत वारंवार विचारला जातो. ब्लूटूथच्या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतील रेणूंची मोडतोड करणाऱ्या नसतात आणि त्यांची ताकद फोनवर बोलताना निघणाऱ्या लहरींपेक्षाही बरीच कमी असते. फाइल पाठवण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. हृदयात पेसमेकर बसवलेला असेल, तर फोन छातीच्या खिशात न ठेवता त्यापासून किमान पंधरा सेंटिमीटर दूर ठेवावा, एवढे पथ्य पुरे.

फोटो पुरतो, तेव्हा अडून बसू नये

मूळ फाइलीचा आग्रह धरताना एक तारतम्य हवे. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी प्राथमिक आरोग्य केंद्रात निघाला असेल, तर त्याचा फोटो तत्काळ हृदयरोगतज्ज्ञांना पाठवावा. तिथे प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. कागद सपाट ठेवून, सरळ वरून, फ्लॅश न लावता काढलेल्या फोटोत ईसीजीच्या रेघा आणि चौकटी पुरेशा वाचता येतात. नाव, वेळ आणि कागदाचा वेग दिसला पाहिजे. साप चावलेल्या जागेची सूज, भाजलेली त्वचा, अंगावरचे पुरळ या गोष्टींतही साधा फोटो पहिला सल्ला द्यायला उपयोगी पडतो. केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी अशा संवादाला मान्यता दिली आहे. जिथे वेळ महत्त्वाची, तिथे फोटो चालेल. जिथे बारकावा महत्त्वाचा, तिथे मूळ फाइलच हवी.

झेरॉक्सच्या दुकानात राहिलेला आजार

आता या सोयीची दुसरी बाजू. सरकारी दवाखान्याजवळच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात तासभर उभे राहावे. रुग्णाचा नातेवाईक येतो, रिपोर्टची प्रिंट हवी असते. दुकानदार आपला नंबर सांगतो, “यावर टाका.” रिपोर्ट दुकानाच्या संगणकावर उतरतो, प्रिंट निघते, दहा रुपये दिले जातात. नातेवाईक जातो, रिपोर्ट संगणकातच राहतो. दिवसभरात अशा कित्येक जणांची साखर, गर्भारपण, कर्करोग आणि मनाचे आजार त्या ‘डाऊनलोड’च्या फोल्डरमध्ये साठत जातात. काही जण तर तिथल्या संगणकावर स्वतःचे व्हॉट्सॲप उघडतात आणि ते बंद करायला विसरतात. मग रिपोर्टच काय, घरातले सगळे बोलणेच दुकानात उघडे राहते.

दुकानदाराचा हेतू वाईट नसतो, त्याला पुढच्या गिऱ्हाइकाची घाई असते. पण लहान गावात माहिती फुटायला हेतू वाईट असण्याची गरज नसते. एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे. मानसिक आजाराबाबतही त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने संमत केला. कायदे आहेत, पण दवाखान्यात प्रिंटची सोय नसल्यामुळे रुग्णाला रस्त्यापलीकडे जावे लागत असेल, तर त्या कायद्यांचा त्याला उपयोग काय?

याहून नाजूक प्रश्न म्हणजे फोन कुणाचा? अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो नवऱ्याकडे, दिराकडे किंवा मुलाकडे असतो. बाईची सोनोग्राफी, तिची गर्भनिरोधकाची चिठ्ठी, तिच्या तपासण्या, सारे दुसऱ्याच्या फोनवर जाते. तिला आधी विचारले जात नाही. ‘घरच्यांच्या नंबरवर पाठवतो’ असे म्हणताना दवाखान्याने आधी तिलाच विचारायला हवे. आणि तिच्या हातात कागद द्यायलाच हवा. बिनतारी सोय आली म्हणून कागद आणि फिल्म बंद करणे म्हणजे ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांच्याकडून त्यांचाच आजार काढून घेणे आहे.

या बाबतीत डॉक्टरांनी आधी आपल्या घरात पाहावे. किती डॉक्टरांच्या फोनच्या गॅलरीत मुलांच्या वाढदिवसांच्या फोटोंशेजारी रुग्णांच्या जखमा आणि स्कॅन पडून असतात? किती ग्रुपवर ‘इंटरेस्टिंग केस’ म्हणून नावासकट एक्स-रे फिरतात? डायकॉम फाइलमध्ये तर रुग्णाचे नाव आणि वय आतच नोंदलेले असते. कोपरा कापला म्हणून ते पुसले जात नाही. सल्ल्यासाठी पाठवलेली प्रतिमा काम झाल्यावर काढून टाकणे हे हात धुण्याइतकेच रोजचे काम व्हायला हवे.

काय करता येईल?

पहिली जबाबदारी तपासणी केंद्रांची. फिल्म आणि रिपोर्टसोबत मूळ फाइल रुग्णाच्या फोनवर त्याच वेळी, काउंटरवरच उतरवून दिली पाहिजे. ज्याच्याकडे फोन नाही, त्याला सीडी किंवा पेनड्राइव्ह. ही मेहेरबानी समजू नये. रुग्णाने आपल्या वैद्यकीय नोंदी मागितल्या, तर त्या ७२ तासांच्या आत द्याव्यात, असे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीतच आहे. स्कॅनची फाइलही त्याच भावनेने दिली गेली पाहिजे.

दुसरी जबाबदारी सरकारी रुग्णालयांची. उपजिल्हा रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक ठिकाणी केसपेपरच्या खिडकीशेजारी एक संगणक हवा, ज्यावर रुग्णाच्या फोनमधली फाइल बिनतारी उतरवून घेता येईल आणि लागलीच प्रिंटही देता येईल. तो रुग्णालयाच्या मुख्य जाळ्याशी थेट जोडलेला नसावा आणि आलेली प्रत्येक फाइल आधी तपासली जावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा त्या रुग्णालयाला कित्येक दिवस हाताने कागदावर काम करावे लागले. त्यामुळे प्रत्येकाचा पेनड्राइव्ह मुख्य संगणकात खुपसणे जितके धोक्याचे, तितकेच कुठलीही फाइल न तपासता आत घेणेही धोक्याचे. एक वेगळा संगणक, एक साधा राउटर, एक प्रिंटर आणि शिकवलेला एक कर्मचारी, एवढ्याने ही सोय उभी राहते. स्कॅनच्या यंत्रापुढे हा खर्च किरकोळ आहे.

तिसरी गोष्ट राष्ट्रीय व्यवस्थेची. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि ‘आभा’चा चौदा अंकी क्रमांक आला. रुग्णाच्या संमतीने त्याच्या नोंदी कुठेही पाहता याव्यात, ही कल्पना उत्तम आहे. पण दवाखाने आणि केंद्रे त्यात नोंदी भरतील, तेव्हाच त्या क्रमांकामागे काही असेल. तोवर रुग्णाच्या फोनमधली मूळ फाइल हाच भरवशाचा आधार आहे.

रुग्ण आणि नातेवाइकांनी पाळायच्या गोष्टी थोड्या आहेत:

– केंद्रातून निघण्यापूर्वी मूळ फाइल मागून घ्यावी आणि ती फोनमध्ये उतरल्याची खात्री करावी. फाइलला रुग्णाचे नाव आणि तारीख द्यावी.

– व्हॉट्सॲपवरून पाठवताना ‘डॉक्युमेंट’ निवडावे.

– ब्लूटूथ किंवा क्विक शेअर वापरताना समोरच्या उपकरणाचे नाव विचारून घ्यावे. ओपीडीत एकाच कंपनीचे दहा फोन एकाच नावाने दिसतात आणि एकाचा स्कॅन दुसऱ्याकडे जातो. काम झाले की सोय बंद करावी.

– दुकानात प्रिंट काढल्यावर फाइल आपल्यासमोर काढून टाकायला सांगावी. व्हॉट्सॲप उघडले असेल, तर लॉग आउट करावे. नंतर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये पाहून खात्री करावी.

– अनोळखी नंबरवरून रिपोर्टच्या नावाने आलेली फाइल ‘इन्स्टॉल’ करायला सांगत असेल, तर ती रिपोर्ट नव्हे, फसवणूक आहे. ती उघडू नये.

– फिल्म आणि कागद टाकून देऊ नयेत. शक्यतो सोबत न्यावेत.

या यादीत अवघड असे काही नाही. परतवाड्याचा पोरगा सिनेमा, गाणी, क्रिकेटचे व्हिडिओ मित्राच्या फोनवर क्षणात पाठवतो. आजीच्या डोक्याचा स्कॅन मात्र तो खिडकीला टेकवून फोटो काढून नेतो, कारण दुसरा मार्ग आहे हे त्याला काउंटरवर कुणी सांगितलेले नसते. ते सांगायला दोन मिनिटे लागतात. स्कॅन पुन्हा काढायचा तर त्या कुटुंबाची अमरावतीला आणखी एक खेप होते.